पेपरमिंटची रेकॉर्ड

बर्चेल स्वाबीनं बिडाच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि पातेलं दारातल्या बाईसमोर धरलं.

"फोन."

"काय?"

"फोन असेल तर यात टाका. नसेल तर पर्स उघडून दाखवा."

बाईनं वाकून पातेल्यात पाहिलं. "यात तुम्ही स्वयंपाक करता ना, मास बर्चेल?" वयाचा मान म्हणून तिनं नावामागं 'मास' लावलं.

"करतो. पाहुणे गेल्यावर."

तिनं फोन काढून आत ठेवला. बर्चेलनं झाकण लावलं आणि वर विटेचा अर्धुक ठेवला, जणू फोन पाय फुटून पळणार होता. मग त्यानं पत्र्याच्या कुंपणातलं फाटक लोटून पाहिलं, कडी घातली आणि तिला व्हरांड्यातून आत घेतलं.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडहून एक गोरा आला होता. बर्चेलनं एक जुनी रेकॉर्ड लावली तर गडी ढसाढसा रडला. बर्चेललाही भरून आलं, त्यानं स्वतःच्या हातानं त्याला आल्याचा चहा करून दिला. आठवड्याभरात तेच गाणं जगभर फुकट वाजायला लागलं. गोरा रडत होता तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन ऐकत होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. बर्चेल त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

बाई साठी ओलांडलेली होती. नाव झर्लीन ग्रँडिसन म्हणून सांगत होती, गाव मोरंट बे, किंग्स्टनच्या पूर्वेला. शाळेत स्वयंपाकीण होती, आता निवृत्त. हातात कागदात बांधलेल्या खोबऱ्याच्या वड्या होत्या. बर्चेलनं त्या घेतल्या आणि खिडकीत ठेवल्या. अनोळखी बाईच्या हातचं गोड तो खाणार नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं की माझ्याकडं पेपरमिंटची रेकॉर्ड आहे?"

"मिस आयोनीनं. कोरोनेशन मार्केटात कोनफळं विकते ती. तरुणपणी तुमच्या नाचांना यायची."

"आयोनीला काय कळतंय?"

"म्हणाली, पेपरमिंटचा आवाज स्वाबीच्या पलंगाखाली आहे. आणि म्हणाली, तुला मिळायचा नाही. तो माणूस आपल्या सावलीलाही मागून चालू देत नाही."

हे मात्र खरं आयोनीचंच बोलणं होतं. तरीही बर्चेल खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला.

"पेपरमिंट माइक कुठल्या हातात धरायचा?"

"मला काय माहीत? मी सोळा वर्षांची होते. आमच्या घरात नाचाचं नाव काढलं तरी तोंडावर फटका बसायचा."

बर्चेलनं विचार केला. हेर असती तर हे पाठ करून आली असती. पण चांगला हेर असता तर त्यानं माहीत नसल्याचंच सोंग केलं असतं.

"माझा भाऊ होता तो," झर्लीन म्हणाली. "बाविसाव्या वर्षी तुमच्याच ट्रकवरून पडून गेला. घरात त्याचा एक फोटो नाही. त्याचा आवाज कसा होता तेही मला नीट आठवत नाही, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटते. मला रेकॉर्ड नकोय. एकदा ऐकवा आणि परत ठेवा पलंगाखाली."

असं तर तो गोराही म्हणाला होता.

तरी बर्चेल आतल्या खोलीत गेला. येताना त्याच्या हातात पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली सात इंची रेकॉर्ड होती. ती त्यानं अशी धरली होती की झर्लीनला फक्त कड दिसावी.

ही सवय त्याला जेरिकोनं लावली होती. जेरिको ही त्या काळातली साउंड सिस्टिम, ट्रकवर स्पीकर लादून गल्लोगल्ली नाच भरवणारी. मालक मिस्टर लिंडो, आणि रेकॉर्डी निवडून लावणारा बर्चेल. नाच रंगात आला की प्रतिस्पर्धी गोल्डन ॲरोची माणसं गिऱ्हाइकासारखी आत शिरायची, प्यायच्या निमित्तानं टेबलाजवळ रेंगाळायची आणि फिरत्या रेकॉर्डवरचं लेबल वाचायची. पुढच्या शनिवारी तेच गाणं त्यांच्या नाचात. म्हणून नवी रेकॉर्ड आली की आधी तिचं लेबल खरवडायचं. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, सगळं साफ करायचं. कोण गातंय म्हणून हजार माणसं विचारायची आणि बर्चेल ताकास तूर लागू द्यायचा नाही.

पेपरमिंट गायचा नाही, बोलायचा. दुसऱ्याचं गाणं वाजत असताना माइक घेऊन तालावर बोलायचं, गाणाऱ्याला मधेच टोकायचं, नाचणाऱ्यांना चिथवायचं. हे करणारे सुरुवातीला किंग्स्टनभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि लोक त्यांना हसायचे. त्यातल्या पेपरमिंटची ही एकच रेकॉर्ड. लिंडोनं पंधरा काढल्या, एकही बाहेर जाऊ दिली नाही. चौदा फुटल्या, वितळल्या, हरवल्या. लिंडो गेला, गोल्डन ॲरोचे खोके वाळवीनं खाल्ले. पण ही पंधरावी बर्चेलकडं होती आणि ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर तो बहात्तर वर्षांचा माणूस ताठ चालत होता. तिचा आवाज एकदा फोनात शिरला की तो मॅक्सफिल्ड अव्हेन्यूवरचा कुणीही एक म्हातारा झाला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्याला भीती वाटायची.

"भिंतीकडं तोंड करून बसा," तो म्हणाला.

"भिंतीकडं?"

"ऐकायला आलात ना? कान दोन्हीकडं असतात."

झर्लीन मुकाट्यानं खुर्ची फिरवून बसली. बर्चेलनं सुई टेकवली आणि आवाज इतका बारीक ठेवला की फक्त त्या खोलीला ऐकू जावा.

खरखर, मग ढोल, मग पेपरमिंट. झर्लीनची मान ताठ झाली. तिनं मांडीवरच्या फ्रॉकची एक घडी हातानं सरळ केली, ती सरळ झाल्यावरही करत राहिली. बर्चेल तिच्या पाठीकडं टक लावून बघत होता. रडली तर कसं ओळखायचं की खरं रडतेय, याचाच तो विचार करत होता.

ती रडली नाही. म्हणाली, "जरा आवाज वाढवता?"

"ऐकू येत नाही?"

"येतंय. पण जरा मोठा."

त्यानं बटण केसभर फिरवलं.

"अजून थोडा, मास बर्चेल."

आणि हे म्हणताना तिनं मान वळवली. त्याच्याकडं नाही, रेकॉर्डप्लेअरकडंही नाही. खिडकीतून रस्त्याकडं.

बर्चेलच्या मनात पाल चुकचुकली. पलीकडं, कुंपणाला अगदी लागून, एक पांढरी गाडी उभी होती. काळ्या काचा, सगळ्या वर.

"ती गाडी कुणाची?"

"माझी टॅक्सी. थांबायला सांगितलंय."

किंग्स्टनचा टॅक्सीवाला दहा मिनिटं हॉर्न न वाजवता थांबला, असं बर्चेलनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो व्हरांड्याच्या जाळीशी गेला. टॅक्सीवाला कोपऱ्यावरच्या गाड्याजवळ उसाचा करवा चघळत उभा होता. आणि इकडं, रिकाम्या गाडीची मागची काच दोन बोटं खाली आली.

पाणी इथं मुरत होतं तर. बाई आत बसून आवाज वाढवायला सांगणार, आणि गाडीत कुणीतरी यंत्र धरून बसणार. फोन पातेल्यात टाकताना तिनं का-कू केलं नव्हतं, ते उगाच नाही.

त्यानं शब्दाच्या मधोमध सुई उचलली. दारामागचा नारळ सोलायचा कोयता घेतला.

"मास बर्चेल! अहो, थांबा, मी सांगते —"

"तुम्ही तिथंच बसा. भिंतीकडं बघत."

तो फाटक उघडून रस्त्यावर गेला आणि कोयत्याच्या मुठीनं मागची काच ठोकली. "बाहेर ये! जे काय धरलंयस हातात ते दाखव!"

काच सावकाश खाली गेली. आत चर्चला जायची पांढरी टोपी, पांढरे हातमोजे आणि त्यामध्ये नव्वदीला आलेली एक बाई होती. हातात रुमाल होता, दुसरं काही नव्हतं.

"तो कोयता खाली घे," ती म्हणाली. "मी काय नारळ आहे?"

बर्चेलनं कोयता खाली घेतला. झर्लीन धावत फाटकात येऊन उभी राहिली होती. "माझी आई," ती धापा टाकत म्हणाली. "सांगू नको म्हणाली होती. चर्चमधल्या कुणाला कळलं तर... मी काय करू, तिनं शपथ घातली होती."

"मग गाडीत का बसल्यात? आत या की."

"जेरिकोच्या माणसाच्या अंगणात पाय ठेवणार नाही, असं मी देवाला सांगितलंय," म्हातारी म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं झाली. आता या वयात शब्द मोडला तर माफी मागायला वेळ कुठून आणू? रस्ता सरकारचा आहे. रस्त्यावर बसलेय मी."

बर्चेलनं गाडीत मान घालून सीटखाली पाहिलं. मग म्हातारीकडं पाहिलं.

"तुम्ही पेपरमिंटची आई कशावरून?"

"आई!" झर्लीन ओरडली. "बघ, असा माणूस आहे हा."

म्हातारीनं हात वर करून तिला गप्प केलं. "त्याला घरातून काढणारी मी. सैतानाचं बोलणं बोलतोस म्हणाले आणि त्याचं गाठोडं रस्त्यावर टाकलं. त्यानंतर वर्षभरात तो मेला. याचा दाखला तुला कुठून आणून देऊ? ही ओळख खोटी सांगायला कोण येईल रे?"

बर्चेल तिथं उन्हात उभा राहिला. त्याच्या दाराशी आजवर पेपरमिंटचे तीन मित्र, दोन गुरू आणि एक बायको येऊन गेली होती. सगळ्यांनी म्हणे पेपरमिंटला माइक धरायला शिकवलं होतं. त्याला हाकलून दिलं म्हणणारं आजवर कुणी आलं नव्हतं.

"माझा उजवा कान गेलाय," म्हातारी म्हणाली. "डाव्यानं ऐकते. तुझ्या घरातून मुंग्या बोलल्यासारखं येत होतं."

तो आत गेला. झर्लीन मागोमाग गेली तेव्हा तो कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या खोक्यावरची चादर ओढत होता. जेरिकोच्या बारा स्पीकरपैकी हा एकच उरला होता.

"धरा त्या बाजूनं. कमरेत उसण भरेल, वाकून धरा."

दोघांनी मिळून तो ढकलत, थांबत, शिव्या घालत व्हरांड्यात आणला. शिव्या बर्चेलनं घातल्या, पण दोन झर्लीनच्याही होत्या. तोंड रस्त्याकडं केलं. बर्चेलनं तारा जोडल्या, जुना अ‍ॅम्प्लिफायर तापेपर्यंत थांबला आणि सुई टेकवली.

आधी खरखर आली, तेलात मोहरी पडल्यासारखी. मग बासचा खोल घुमणारा आवाज. तो कानाला लागायच्या आधी व्हरांड्याच्या फरशीतून तळपायाला लागला, आणि कुंपणाचे पत्रे थरथरायला लागले. गिटार मागून येऊन ठेका सोडून चिमटे काढत होती. लांबून, जसा शेजारच्या घरातून, एक गाणारा विरहाची ओळ आळवत होता. ती ओळ संपायच्या आत पेपरमिंटनं त्याला टोकलं, "अरे रडतोस काय, पुढं बोल!" आणि हसला. त्या हसण्यात तोंडातली पेपरमिंटची गोळी दातांवर आपटल्याचा टक् असा आवाज होता. लिंडो तेव्हा चिडला होता, पुन्हा घेऊ म्हणाला होता. बरं झालं घेतलं नाही. बर्चेलनं ही रेकॉर्ड किती वेळा ऐकली असेल याला गणती नव्हती, पण इतक्या मोठ्यानं तीस वर्षांत ऐकली नव्हती, आणि मोठ्यानं ऐकल्याशिवाय ती कळत नव्हती. बारीक आवाजात पेपरमिंट नुसता बोलायचा. आता तो ठेक्याच्या किंचित मागं राहून, आपण पडणार असं वाटायला लावून, दर वेळी नेमका पाऊल टाकत होता. पोरगं काय होतं, देवा!

"ऐका मंडळी ऐका, पेपरमिंट आलाय बोलायला,
आई माझी उभी दारी, मीच उशीर केला यायला.
ताट वाढून झाकून ठेवलंय, कंदील टांगलाय फाटकाला,
सोडा रे मला जाऊ द्या घरी, नका पडू पायाला!"

समोरच्या अंगणात झाडणाऱ्या बाईचा झाडू थांबला. कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला करवा टाकून पुढं आला आणि त्यानं खिशातून फोन काढून हात वर धरला. बर्चेलनं ते पाहिलं. त्याचं तोंडही उघडलं. पण गाडीच्या खिडकीत पांढरी टोपी बाहेर आली होती, डावा कान स्पीकरकडं करून, डोळे घट्ट मिटून. आरडाओरडा केला असता तर तिला दोन ओळी ऐकू आल्या नसत्या. त्यानं तोंड मिटलं.

रेकॉर्ड संपली. समोरची बाई टाळ्या वाजवायला लागली आणि कुणी साथ देत नाही बघून थांबली.

बर्चेल गाडीपाशी गेला. झर्लीन आईचा हातमोजा धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या खऱ्या की खोट्या, हे बघायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

म्हातारीचे डोळे कोरडे होते. "खोटं बोलतोय," ती म्हणाली. "कसला कंदील? फाटकाला कुलूप होतं. दोनदा आला होता, हलवून गेला. मी आत जागी होते."

तिनं हात खिडकीबाहेर काढला.

"आण बघू ती इकडं."

बर्चेल आत गेला आणि रेकॉर्ड घेऊन आला. आजवर तिला त्याच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. त्यानं ती खिडकीतून आत दिली. म्हातारीनं हातमोजा काढला आणि मधल्या खडबडीत पांढऱ्या गोलावरून अंगठा फिरवला.

"नाव कुठाय?"

"खरवडलं. तेव्हा तशी पद्धत होती. दुसऱ्या साउंडवाल्यांना कळू नये म्हणून."

"कुणी खरवडलं?"

मिस्टर लिंडोला मरून वीस वर्षं झाली होती. त्याचं नाव सांगता आलं असतं.

"मी," बर्चेल म्हणाला. "तोही होता तिथं, गोळी चघळत बसलेला. म्हणाला, हळू खरवड गड्या, मला लागतंय. हसत होता. मग लिंडोकडं एक रेकॉर्ड मागितली त्यानं, नाव न खरवडलेली. घरी दाखवायला. लिंडो नाही म्हणाला. माझ्या मांडीवर पंधरा होत्या. एक सरकवली असती तरी कुणाला कळलं नसतं."

"काय लिहिलं होतं?"

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जपानहून आलेल्या माणसानं टेबलावर नोटा मांडल्या होत्या, तेव्हाही नाही.

"वर मोठ्या अक्षरात पेपरमिंट. खाली बारीक, इस्टन होरेशिओ ग्रँडिसन."

म्हातारीनं मान हलवली. "होरेशिओ माझ्या वडिलांचं नाव." तिचा अंगठा अजून लेबलावर होता. "कशानं काढलंस?"

"दाढीच्या पात्यानं."

"हं. पातंच लागतं," ती म्हणाली. "मी चाकूनं बघितलं आधी. शाई निघत नाही. मग इस्टनच्या बापाचं पातं घेतलं."

झर्लीननं आईचा हात सोडला. "कशाची शाई?"

"बायबलात तुम्हा सगळ्यांचे जन्म लिहिलेत ना, त्या पानावरची."

"आई, तू तर म्हणालीस झुरळांनी खाल्लं ते! मी इतकी वर्षं कापराच्या वड्या घालतेय त्या बायबलात!"

"झुरळं काय नावं वाचून खातात?" म्हातारी म्हणाली. मग ती बर्चेलकडं वळली. आवाज उतरला होता. "मी फार जोर केला. पान फाटलं माझं. तुझी वाजते तरी."

बर्चेलनं दोन्ही हात पुढं केले, आणि तिनं रेकॉर्ड त्याच्या तळव्यांवर ठेवली. तो फाटकापाशी पोचला तेव्हा मागून हाक आली.

"ए, जेरिको!"

तो वळला.

"कंदिलाचं म्हणतो ना, तिथून लाव."